मधला पट्टा का करपला?

१

रोपं एका रात्रीत करपली, असं खाणीच्या साहेबांनी फोनवर सांगितलं, तेव्हाच डॉक्टरबाईंना ते पटलं नव्हतं. माणूस एका रात्रीत जातो, झाड जात नाही. झाड चांगलं आठ-पंधरा दिवस कण्हत असतं. ऐकणारं कुणी नसतं, एवढंच.

डॉक्टरबाई म्हणजे झाडांच्या डॉक्टर. पानांवरचे डाग, मुळांची कूज, खोडातली कीड यांतच त्यांची हयात गेली होती. आता त्या निवृत्तीला टेकल्या होत्या, आणि उजवा गुडघा त्यांच्याही आधी निवृत्त झाला होता. खाणीचा उतार खालून पाहिल्यावर त्यांनी मनातल्या मनात गुडघ्यालाच हात जोडले.

उतार कसला, भिंतच ती! तांब्याची खाण चालू असताना डोंगर फोडून निघालेला निकामी दगड-मुरूम वर्षानुवर्षं एकाच अंगाला ओतला गेला, त्याचा हा ढीग. खाण बंद पडली, ढीग राहिला. पायथ्याशी कामगारांची वसाहत होती. बैठी घरं, दोऱ्यांवर वाळणारे कपडे, शाळेची पिवळी भिंत. दर पावसाळ्यात ढिगावरचा चिखल-दगड खाली घसरे, आणि एका वर्षी तो शाळेच्या खिडकीला येऊन टेकला. तेव्हापासून या उतारावर मूळचं रान पुन्हा उभं करायचं काम निघालं होतं. काथ्याची जाळी अंथरायची, खुंट्या ठोकायच्या आणि जाळीच्या डोळ्यांत इथल्याच डोंगरावरचं गवत आणि झुडपं लावायची. मुळं एकमेकांत गुंतली की ढीग जागचा हलत नाही. खालच्या पट्ट्याने गेल्या वर्षीच मूळ धरलं होतं. मधला यंदा लावला होता, वरचा अजून उघडाच होता.

आणि आता मधला पट्टा तपकिरी पडला होता.

दोराला धरून, थांबत थांबत डॉक्टरबाई वर पोचल्या. त्यांच्या आधीच एक बाई तिथे उकिडवी बसली होती. रापलेला चेहरा, मातीने भरलेली बोटं. रोपवाटिका तीच सांभाळायची. खाणीवरच्या पंपवाल्याची ती वहिनी. तो तिला वहिनी म्हणायचा, ती त्याला भाऊजी म्हणायची, आणि ऐकून ऐकून सगळी खाणच दोघांना त्याच नावांनी हाका मारू लागली होती.

"बी वेचण्यापासून सगळं मी केलंय, डॉक्टरबाई," वहिनी म्हणाल्या. आवाजात रडू नव्हतं. "कड्यावर लोंबकळून वेचलंय. सांगा, कशाने मेली माझी रोपं?"

डॉक्टरबाईंनी एक रोप अलगद उपटलं. पानांवर डाग नव्हते, कीड नव्हती. मुळं मात्र काळी पडून बोटाला चिकटत होती. त्यांनी मान वर करून सगळा पट्टा न्याहाळला आणि त्यांच्या लक्षात आलं की तो सरसकट तपकिरी नव्हताच. ठिबकच्या नळीला जिथे जिथे भोक, तिथे तिथे एक गोल चट्टा, जणू कुणी तापल्या तव्याने डाग दिले होते. दोन चट्ट्यांच्या मधल्या जागेत आपोआप उगवलेलं गवत हिरवंगार डुलत होतं.

"वहिनी," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हा रोग नाही. यांना कुणीतरी काहीतरी पाजलंय."

२

साहेबांच्या टेबलावर तणनाशकाचा एक रिकामा डबा ठेवलेला होता. साहेब तरुण होते, खाण बंद झाल्यावर बदलून आलेले, आणि त्यांना सगळ्या गोष्टी शुक्रवारच्या आत हव्या असत.

"कुंपणाजवळ सापडला," डबा पुढे सरकवत ते म्हणाले. "आपला ठेकेदार हाच वापरतो. त्याला यंत्राने परदेशी गवताचं बी फवारायचं होतं. आम्ही त्याला नकार देऊन तुमचं हे देशी रान निवडलं. मोटिव्ह उघड आहे, नाही का?"

"डबा कुणाचाही असेल," डॉक्टरबाई म्हणाल्या, "पण रोपं त्याने मेलेली नाहीत. तणनाशक फवारलं असतं तर आधी पानं गेली असती, आणि मधलं गवतही वाचलं नसतं. साप साप म्हणून भुई धोपटू नका."

साहेबांचा चेहरा पडला. "पाहणी पथक पुढच्या आठवड्यात येतंय. तोवर कारण कळलं नाही, तर देशी झाडं इथे जगत नाहीत असंच लिहिलं जाईल. मग ठेकेदाराचं गवत लावावंच लागेल."

"ते गवत दोन वर्षं हिरवं दिसेल आणि तिसऱ्या वर्षी वाळेल. मुळं वीतभरही खाली जात नाहीत त्याची. मग ढीग थेट शाळेत."

"म्हणून तर तुम्हाला बोलावलं!"

ठेकेदार स्वतःहूनच भेटायला आला. जाडजूड, हळू बोलणारा माणूस. बोलताना रुमालाने सारखी मान पुसायचा.

"माझ्यावर संशय आहे ना? असू द्या. मी बोललो होतो, ही रानटी झुडपं टिकणार नाहीत म्हणून. पण वहिनींच्या रोपांना मी हात लावीन? अहो, त्यांचा नवरा पळाला तेव्हा याच साहेबांच्या आधीच्या साहेबांपुढे हात जोडून मी त्यांना रोपवाटिकेत चिकटवलं. विचारा कुणालाही."

"तुम्ही इथले जुने दिसता."

"जुना म्हणजे? वरचा तो डोंगररस्ता दिसतोय? कड्याच्या बांधासकट एका हंगामात उभा केला मी. तेव्हापासून त्यावर एक पाटी माती टाकावी लागलेली नाही." सांगताना त्याची छाती फुगली, आणि का कोण जाणे, लगेच पुन्हा बसली.

दुसरा संशय वसाहतीतल्या शेळीवाल्या आजीवर होता. कुंपण घातल्यापासून तिच्या शेळ्यांची वाट बंद झाली होती आणि ती उताराकडे पाहून रोज बोटं मोडत असे.

"मी घातलं विष?" आजी खो खो हसली. तोंडात दोनच दात. "बाई गं, विष घातलेल्या जागी मी माझ्या शेळ्या सोडीन का? आणि सोडते मी, तुला म्हणून सांगते. पहाटे कुंपणाखालून जातात. पण गेले कित्येक दिवस शेळ्या त्या नळीचं पाणी तोंडात घेत नाहीत. नाक लावतात आणि फुरफुरून मागे फिरतात."

डॉक्टरबाई उठता उठता पुन्हा खाली बसल्या. "नळीचं पाणी? आजी, नीट सांगा."

३

मधल्या पट्ट्याला पाणी यायचं ते वरच्या पंपघराच्या टाकीतून. खालचा पट्टा झऱ्याच्या पाटावर होता, त्याला पंप लागत नसे. आणि तो खालचा पट्टा ठणठणीत होता. डॉक्टरबाईंनी ही गोष्ट मनात गाठ मारून ठेवली आणि त्या रोपवाटिकेत आल्या.

हिरव्या जाळीच्या सावलीत काळ्या पिशव्यांच्या रांगा लागल्या होत्या. वहिनींनी बसायला पिंप उपडं घालून दिलं आणि चहा ओतला.

"नवरा टँकर चालवायचा," न विचारताच त्या बोलू लागल्या. "धूळ बसावी म्हणून डोंगररस्त्यावर पाणी मारायचा. आठ वर्षं झाली. एका संध्याकाळी गेला तो टँकरसकट गेला. फाटकाबाहेर मोठ्या रस्त्याला लागलेला पाहिला म्हणतात. टँकर विकला असेल, दुसरं घर केलं असेल. लोकांच्या जिभेला हाड असतं का?"

"कुणी पाहिला?"

"ठेकेदाराने. त्यानेच पोलिसांना सांगितलं." वहिनींनी कपातला चहा नुसताच हलवला. "माझं जाऊ द्या. पण मुलीला शाळेत पोरं 'टँकर' म्हणून चिडवायची. दहावी झाली आणि ती जी शिकायला गेली, ती सुट्टीलासुद्धा येत नाही. नर्सिंग करतेय. फोनवर बोलते, पण बापाचं नाव काढलं की फोन ठेवते."

"आणि तुम्ही? तुम्हाला काय वाटतं?"

"मला राग येतो. रागावरच तर दिवस काढले. तो उतरला तर मी उभी कशावर राहू?"

डॉक्टरबाईंनी नजर वळवली, ती कोपऱ्यातल्या अवजारांवर गेली. कुदळी, घमेली, खुरपी. त्यातलं एक खुरपं मात्र वेगळंच दिसत होतं, लालसर.

"ते गंजलं वाटतं?"

"मधल्या पट्ट्याच्या टोकाला पिंप आहे ना, नळीचं उरलेलं पाणी साठतं त्यात, तिथे विसरलं होतं. कालच काढलं."

डॉक्टरबाईंनी खुरपं हातात घेतलं. गंज खडबडीत असतो, बोटाला लागतो, लोखंडाला खातो. हे पातं गुळगुळीत होतं. नखाने खरवडल्यावर लाल साल निघाली आणि आतलं लोखंड पांढरंशुभ्र चमकलं. त्यांनी पातं उन्हात धरलं. पात्यावर गंजाचा कणही नव्हता. त्यावर तांबं चढलेलं होतं.

४

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी साहेबांच्या टेबलावर दोन पेले मांडले. एकात झऱ्याचं पाणी, दुसऱ्यात पिंपातलं. दोन्हीत एकेक नवा कोरा खिळा टाकला आणि चहा मागवला. साहेब घड्याळ बघत बसले. कप रिकामे झाले तेव्हा पहिला खिळा होता तसाच होता. दुसरा तांबडा झाला होता.

"तांब्याचं आंबट पाणी लोखंडाला भेटलं, की पाण्यातलं तांबं लोखंडावर येऊन बसतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "असं पाणी या डोंगरात कुठे आहे?"

साहेबांनी खिळा उलटून पाहिला. "वर एक छोटा जुना खड्डा आहे. खाण चालू असतानाच सोडून दिलेला. पाण्याने भरलाय. पण ते पाणी बाहेर काढायला सक्त मनाई आहे. खाली ओढ्यावर यंत्र बसवलंय. थेंबभर जरी उतरलं तरी भोंगा वाजतो."

"ओढ्यावर यंत्र आहे. ठिबकच्या नळीवर आहे का?"

पंपघर उताराच्या माथ्यावर होतं. भाऊजी पंपाला तेल घालत होते. सडपातळ, डोळे खोल गेलेले, वागण्यात एक अवघडलेली सभ्यता. डॉक्टरबाईंनी काही न बोलता तांबडा खिळा त्यांच्यापुढे धरला.

त्यांनी खिळ्याकडे पाहिलं. तेलाची बुधली हळूच खाली ठेवली.

"होय. मीच."

डॉक्टरबाईंना याची अपेक्षा नव्हती. माणूस आधी नाही म्हणतो, मग चिडतो, मग दुसऱ्याकडे बोट दाखवतो. इतकं साधं 'होय' त्यांनी फार क्वचित ऐकलं होतं.

"खड्ड्याच्या जुन्या नळाची चावी उघडली. झऱ्याचं पाणी मिसळत होतो, डॉक्टरबाई. वाटलं, पातळ केल्यावर चालेल. रोपं माना टाकायला लागली तशी बंद केली, पण उशीर झाला होता."

"पण का? आपल्याच वहिनीची रोपं..."

"ते विचारू नका. माझ्या नावावर लिहून टाका. नोकरी जाऊ दे, पोलिसांत द्या. फक्त वहिनींना मी होतो हे..." त्यांनी मान हलवली. "नाही, तेही सांगा. पण का, ते विचारू नका."

आणि त्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली ती धरलीच.

५

ज्याला चावी उघडायची नुसती लहर आली, तो झऱ्याचं पाणी मिसळत बसत नाही. रोपांना मारायचं नव्हतं, आणि नुसतं पाणीच पाजायचं असतं तर झऱ्याचं होतंच. मग काय करायचं होतं? डॉक्टरबाई पंपघराबाहेरच्या दगडावर गुडघा चोळत विचार करत बसल्या. आणि उत्तर इतकं सोपं निघालं की त्यांना स्वतःचाच राग आला. भाऊजींना पाणी कुठे न्यायचं नव्हतंच. ते जिथे होतं तिथून काढायचं होतं.

त्या उठल्या आणि डोंगररस्त्याने खड्ड्याकडे निघाल्या.

खड्डा शाळेच्या पटांगणाएवढा असेल. उभ्या कातळभिंती आणि तळाशी मोरपिशी, नको इतकं सुंदर पाणी. भिंतीवर पाण्याच्या वर चांगला दोन पुरुष उंचीचा ओलसर काळा पट्टा होता. पाणी अलीकडेच एवढं उतरलं होतं. काठावर पाय दुमडून कुणीतरी पुष्कळदा बसल्याची खूण होती. गवत तिथे दबलं होतं. डॉक्टरबाई तिथेच बसल्या आणि त्या माणसाने जिकडे पाहिलं असेल तिकडे पाहू लागल्या.

पाण्याच्या मधोमध एक सप्तरंगी तवंग पसरला होता. वारा त्याला ढकलून फोडत होता आणि तो पुन्हा त्याच जागी गोळा होत होता. खालून कुठूनतरी तेल झिरपत होतं.

डॉक्टरबाईंनी वर, रस्त्याकडे पाहिलं. खड्ड्याच्या बरोबर माथ्यावर रस्त्याचं वळण होतं आणि वळणाला मातीचा बांध.

बांधाशी त्या बराच वेळ रेंगाळल्या. रस्त्याच्या सगळ्या बांधावर दगड-मुरूम होता आणि त्यात आपोआप उगवलेली झुडपं होती. कामगार त्यांना 'चिवट्या' म्हणत, कारण कुठेही टाका, जगायचीच. चिवट्याच्या खोडावर दर वर्षी एक गाठ धरते. सरळ रस्त्यावरच्या चिवट्यांना पंधराच्या वर गाठी होत्या. वळणावर मात्र दगड नव्हताच. तिथे काळी भुसभुशीत माती होती, खालच्या रोपवाटिकेजवळ असते तसली. आणि तिथल्या सगळ्यात जुन्या चिवट्याच्या गाठी त्यांनी बोटाने दोनदा मोजल्या.

आठ. एकही जास्त नाही.

६

पंपघरात चार माणसं मावायची नाहीत, म्हणून सगळे बाहेरच्या ओट्यावर बसले. साहेब, ठेकेदार, भाऊजी. वहिनी उभ्याच राहिल्या.

"रोपांना खड्ड्याचं पाणी गेलं," डॉक्टरबाईंनी सुरुवात केली, "आणि ते भाऊजींनी सोडलं."

वहिनींनी दिराकडे पाहिलं. त्या नजरेपुढे भाऊजींची मान आणखी खाली गेली.

"थांबा, वहिनी. त्यांना खड्डा उपसायचा होता. ओढ्यात पाणी सोडलं तर भोंगा वाजतो. यंत्र नसलेली एकच वाट होती, तुमची ठिबकची नळी. भाऊजी, तवंग पहिल्यांदा कधी दिसला?"

भाऊजींनी तेलकट हात फडक्याला पुसले.

"उन्हाळा लागताना," भाऊजी शेवटी बोलले. "रोज त्याच जागी. मी साहेबांना म्हटलं, खड्डा एकदा रिकामा करू. साहेब म्हणाले, परवानगी नाही. कारण काय सांगणार होतो? तिथे माझा दादा आहे, असं?" त्यांनी दोन्ही तळहातांनी तोंड झाकलं. "आणि वहिनींना सांगितलं असतं आणि तिथे काहीच निघालं नसतं, तर? म्हटलं, आधी आपल्या डोळ्यांनी पाहू."

वहिनी ओट्याची कड धरून खाली बसल्या.

"पण तो तर फाटकाबाहेर गेला," साहेब गोंधळून म्हणाले. "पाहणारा माणूस आहे ना."

"एकच आहे." डॉक्टरबाई ठेकेदाराकडे वळल्या. "तुम्ही म्हणालात, बांधासकट रस्ता एका हंगामात झाला, नंतर एक पाटी माती पडली नाही. मग वळणावरच्या बांधाची माती वेगळी का? सगळ्या रस्त्यावरची झुडपं पंधरा वर्षांच्या वरची आणि वळणावरची आठच वर्षांची का? तिथे आधी बांध नव्हताच. टँकर गेल्यावर तो घातला गेला, आणि घाईत घातला गेला. दगड आणायला वेळ नव्हता म्हणून हाताशी असलेली काळी माती ओतली."

ठेकेदाराचा रुमाल मानेवरच थांबला. तो कानावर हात ठेवील, ओरडेल, अशी साहेबांची खात्री होती. पण त्याने एवढंच विचारलं, "झुडपांनी सांगितलं?"

"हो."

"मी रोज बघायचो ती." त्याने रुमाल खाली घेतला. "वळणाचा बांध तेवढा राहून गेला होता. उद्या करू, परवा करू. त्या संध्याकाळी गेलो तर रस्ता ओला होता, आणि कडेला चाकांच्या खुणा, सरळ खाली गेलेल्या. पाणी पुन्हा शांत झालं होतं, वहिनी. हाक मारली मी. खूप हाका मारल्या. मग भीती वाटली. बांध घातला आणि खाली येऊन ते वाक्य बोललो. एकच वाक्य. नंतर ते मागे घ्यायला तोंडच उरलं नाही. तुम्हाला काम मिळवून दिलं, वाटलं, थोडं तरी..."

"थोडं तरी काय?" वहिनींनी विचारलं.

त्याने रुमाल मुठीत चुरगाळला.

"माझी पोर रडत घरी यायची तेव्हा तुम्ही समोरच्या रस्त्याने जात होतात. रोज." वहिनींचा आवाज चढला नाही, म्हणून तो जास्त लागला. "एक वाक्य मागे घ्यायला आठ वर्षं लागतात का हो माणसाला?"

७

या वेळी खड्डा रीतसर उपसला गेला. चुना घालून पाणी आधी शांत केलं, गाळ वेगळा साठवला, आणि साहेबांनी परवानगी एका दिवसात आणून दाखवली. ठेकेदाराने पोलिसांपुढे जबाब दिला आणि त्यांच्याच गाडीत बसून तो गेला. जाताना वसाहतीतलं कुणी त्याला शिवी दिली नाही, कुणी निरोपही दिला नाही.

टँकर वर यायला लागला तेव्हा सगळी वसाहत काठावर गोळा झाली होती. आंबट पाण्याने पत्रा जागोजागी खाल्ला होता, आणि जिथे खाल्ला नव्हता तिथे तो उन्हात तांब्यासारखा झळकत होता. पोलिसांनी लोकांना मागे सारलं. वहिनींना त्यांनी विचारलं, पाहणार का? त्या पुढे गेल्या. भाऊजी त्यांच्या मागोमाग गेले, पण हात लावायचं धाडस त्यांना झालं नाही.

चालकाच्या खोलीत जे उरलं होतं ते फार नव्हतं, पण ओळख पटायला पुरलं. टँकरच्या मागे जाऊन एका हवालदाराने फवाऱ्याचा नळ तपासला. तो पूर्ण उघडा होता. रस्त्यावर पाणी मारता मारताच चाक कडेवरून घसरलं होतं.

परतताना भाऊजी वाटेतच थांबले. "वहिनी, रोपं... मी काय तोंडाने..."

"मला विचारायचं होतंत," वहिनी म्हणाल्या. "रोपंसुद्धा दिली असती मी. सगळी." आणि मग, आठ वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी रस्त्यात उभ्या उभ्या हंबरडा फोडला. भाऊजी पुढे झाले आणि त्यांनी वहिनींना लहान मुलीसारखं धरलं.

डॉक्टरबाईंचा अहवाल दोन पानांचा झाला. देशी रोपं या उतारावर जगतात, असं त्यात ठळक लिहिलं होतं. त्यांना मुद्दाम कुणी मारलं नव्हतं, त्यांना चुकीचं पाणी मिळालं होतं. मुळाशी चुना देऊन, झऱ्याचं पाणी भरपूर सोडून पट्टा पावसाळ्याच्या आत पुन्हा लावावा. पाहणी पथकाने ते मान्य केलं. भाऊजींना समज मिळाली, नोकरी राहिली. मधल्या पट्ट्यातल्या चट्ट्यांची माती उकरून टाकायला सगळ्यांत आधी तेच पुढे झाले.

निघायच्या दिवशी डॉक्टरबाई रोपवाटिकेत निरोप घ्यायला गेल्या, तर आत पाय ठेवायला जागा नव्हती. वसाहतीतल्या बायका रांगेने बसून पिशव्यांत माती भरत होत्या. ज्यांनी आठ वर्षं नळावर वहिनींना पाठ दाखवली होती, त्याही होत्या. शेळीवाली आजी बी निवडत होती आणि निवडता निवडता डोळे पुसत होती. माफी वगैरे कुणी मागत नव्हतं. वहिनी रांगेतून फिरत होत्या. हिची पिशवी सैल, तिची जास्त ओली, असं रागावत होत्या, आणि बायका मुकाट्याने ऐकून घेत होत्या.

मग त्या जाळीच्या टोकाला गेल्या आणि फोन लावला. डॉक्टरबाईंना बाजूला व्हायचं होतं, पण वहिनींनी हाताने खूण करून त्यांना थांबवलं. बहुधा एकटीने बोलायची हिंमत होत नसावी.

"ठेवू नकोस," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "आज ठेवू नकोस. बाबांबद्दलच सांगायचंय." बोलता बोलता त्यांनी डोळे मिटून घेतले. "ते कुठे गेले नव्हते गं. कामावरच होते."

मागे बायकांच्या घमेल्यांचा आवाज चालू होता. मग फोनमधून एक बारीक, दाटलेला आवाज आला. डॉक्टरबाईंना शब्द कळले नाहीत, पण वहिनींच्या चेहऱ्यावर ते वाचता आले.

"ये," वहिनी म्हणाल्या. "आजच्याच गाडीने ये. अख्खा पट्टा लावायचाय."